साडेबाराशे तास कुठून आणायचे?

फ्लोरिडातल्या एका छोट्या विमानतळाच्या कडेला, गवतात, दोन उंच खांब ठोकलेले असतात. त्यांच्या टोकांवरून दोराचा एक फास आडवा टाकलेला असतो. दोराचं दुसरं टोक गवतावर पसरलेल्या लाल नायलॉनच्या अक्षरांना बांधलेलं असतं. माणसाच्या उंचीएवढी अक्षरं, आणि मजकूर म्हणजे किनाऱ्यावरच्या कुठल्याशा हॉटेलातल्या खेकड्यांच्या थाळीची जाहिरात.

तेवढ्यात एक जुनं, एका इंजिनाचं विमान खांबांच्या रोखाने खाली येतं. शेपटीमागे लोखंडी आकडा लोंबतोय. उड्डाण झाल्यावर वैमानिकानेच तो खिडकीतून बाहेर फेकलेला असतो. फेकताना तो चाकात किंवा शेपटीत अडकला नाही ना, याची खात्री खालच्या माणसाने वायरलेसवरून दिलेली असते. विमान घरांच्या छपरांइतकं खाली उतरतं, खांबांवरून सुसाट जातं, आणि क्षणात वैमानिक थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलून नाक आभाळाकडे उचलतो. आकडा त्याला दिसत नसतो, दोरही दिसत नसतो. आकड्याने फास पकडला असेल तर दोन-तीन सेकंदांनी विमानाला मागून कुणीतरी ओढल्यासारखं वाटतं. खाली गवतावरून एकेक अक्षर सोलल्यासारखं उठत जातं आणि अख्खी ओळ हवेत ताणली जाते.

आता पुढचे तीन-चार तास हे विमान समुद्रकिनाऱ्याला समांतर, मोटारसायकलच्या वेगाने फिरत राहील. आत बसलेला वैमानिक बहुधा बावीस-तेवीस वर्षांचा असतो. त्याच्या खिशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असतो, डोक्यावर शिक्षणकर्ज असतं आणि मनात बोइंग किंवा एअरबस. खेकड्यांच्या थाळीशी त्याला काही देणंघेणं नाही. त्याला हवे आहेत ते हवेतले तास.

किती तास? अमेरिकेत व्यावसायिक परवाना साधारण २५० तासांच्या उड्डाणानंतर मिळतो. प्रवासी विमान कंपनीच्या कॉकपिटमध्ये, मग ती उजवीकडची को-पायलटची खुर्ची का असेना, बसायला मात्र १५०० तास लागतात. सैन्यातल्या वैमानिकांना ७५० तासांवर, विमानचालनाची मान्यताप्राप्त पदवी घेतलेल्यांना १००० तासांवर सवलत मिळते. बाकीच्या बहुतेकांना पूर्ण १५०० भरावे लागतात. म्हणजे हातात परवाना आहे, पण मोठी नोकरी अजून साडेबाराशे तास लांब आहे. पदरचे पैसे घालून हे तास उडवायचे म्हटलं, तर चार आसनी सेसना भाड्याने घ्यायला तासाला दीडशे-दोनशे डॉलर पडतात. नुसत्या दीडशेने गुणलं तरी हिशोब १,८७,५०० डॉलरवर जातो. रुपयांत दीड कोटीच्या वर. त्यामुळे कुणीतरी दुसऱ्याने पेट्रोल घालावं आणि आपण उडवावं, अशी कामं शोधणं आलंच.

एका रात्रीतून आलेला आकडा

हा १५०० चा आकडा मुळात फार जुना नाही. को-पायलटसाठी पूर्वी २५० तासांचा व्यावसायिक परवाना कायद्याने पुरेसा होता. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगन एअरचं फ्लाइट ३४०७ नेवार्कहून बफेलोला निघालं होतं. उतरण्याच्या तयारीत असताना विमानाचा वेग कमी होत गेला. वेग फार कमी झाला की पंखांवरची हवा सुटते आणि उचल संपते. याला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. स्टॉल जवळ आल्याचा इशारा म्हणून हातातला दांडा आपोआप थरथरू लागला. अशा वेळी नाक खाली करून वेग मिळवायचा, हा पहिल्या महिन्यात शिकवलेला धडा. कॅप्टनने दांडा उलट स्वतःकडे ओढला. विमान क्लॅरेन्स सेंटर नावाच्या गावातल्या एका घरावर कोसळलं. विमानातले सगळे ४९ जण आणि घरातला एक, असे ५० जण गेले.

चौकशीत बऱ्याच गोष्टी बाहेर आल्या. को-पायलट आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिअ‍ॅटलहून, रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. थकवा, अपुरं प्रशिक्षण, छोट्या प्रादेशिक कंपन्यांमधली परिस्थिती, सगळ्यावर चर्चा झाली. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनला हेलपाटे घातले, संसद सदस्यांचे दरवाजे ठोठावले, आणि २०१० मध्ये कायदा झाला. त्यातून विश्रांतीचे नवे नियम आले, जास्तीचं प्रशिक्षण आलं आणि ऑगस्ट २०१३ पासून को-पायलटलाही १५०० तासांची अट लागू झाली.

यातली विसंगती तेव्हापासून बोलली जाते. त्या विमानातल्या दोघांकडेही १५०० पेक्षा जास्त तास होते: कॅप्टनकडे तीन हजारांच्या वर, को-पायलटकडे दोन हजारांच्या वर. अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने तासांचा असा आकडा सुचवलेलाही नव्हता. पण कायद्यात आकडा गेला, आणि त्या आकड्याने अमेरिकेतल्या नवशिक्या वैमानिकांची एक आख्खी पिढी समुद्रकिनाऱ्यांवर, तेलाच्या नळांवर आणि पॅराशूटच्या मैदानांवर नेऊन सोडली.

कायद्यातली राखण

२५० तासांच्या वैमानिकाला पैसे घेऊन काय काय करता येतं, याची यादी अमेरिकेच्या हवाई नियमावलीत ११९.१ या कलमात आहे. विमान कंपनीचं प्रमाणपत्र नसताना करता येणारी ही कामं: विद्यार्थ्यांना शिकवणं, विमान एका जागेहून दुसरीकडे पोचवणं, विमानतळाच्या पंचवीस मैलांच्या आत पर्यटकांना फेरी मारून आणणं, बॅनर ओढणं, हवाई छायाचित्रण आणि सर्वेक्षण, आग विझवणं, तारा आणि नळांची गस्त, पॅराशूटवाल्यांना वर नेऊन सोडणं, शेतावर फवारणी आणि बी पेरणी. या यादीतच, फवारणीच्या शेजारी, एक काम आहे: पाखरं हाकणं. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत ज्वारी राखणाऱ्या आपल्या शेतकऱ्याचं काम अमेरिकेने कायद्यात विमानाच्या नावे लिहून ठेवलंय.

प्रवासी भाड्याने नेणं या यादीत बसत नाही. छोट्या चार्टर विमानात प्रवासी न्यायलाही किमान ५०० तास लागतात, आणि ढगांत, उपकरणांच्या भरवशावर उडायचं असेल तर १२००. म्हणून पहिले काही शे तास याच यादीतून काढावे लागतात.

यादीतलं पहिलं काम, शिकवणं, हाच सर्वांत मळलेला रस्ता. परवाना मिळाला की आणखी एक परीक्षा द्यायची, इन्स्ट्रक्टर व्हायचं आणि ज्या शाळेत शिकलो तिथेच उजवीकडे बसून दुसऱ्याला शिकवायचं. पण प्रत्येकाला शिकवता येत नाही, प्रत्येक शाळेत जागा नसते, आणि दिवसातून आठ वेळा दुसऱ्याच्या हातून धावपट्टीवर आपटून घेण्याची हौसही सगळ्यांना नसते. उरलेले बॅनर, नळ आणि पॅराशूटकडे वळतात.

तिथे नियमाइतकाच मोठा दरबान असतो तो विमा. कायदा २५० तासांवर परवानगी देतो, पण विमा कंपनी मालकाला सांगते की अमुक तासांखालचा वैमानिक ठेवलात तर भरपाई नाही. बॅनर ओढणारी पायपर सुपर कब, पॉनी ही विमानं बहुतेक शेपटीला चाक असलेली, जुन्या घडणीची. ती जमिनीवर सरळ चालवायला पायांची वेगळी सवय लागते. त्यामुळे परवाना हातात असूनही ‘टेलव्हीलचे तास किती?’ हा प्रश्न आधी येतो. मग नवा माणूस पहिले काही आठवडे जमिनीवरच राबतो: अक्षरं जोडायची, दोर गुंडाळायचे, खांब रोवायचे. अक्षरं जोडणं हेही साधं काम नाही. ती एकाच बाजूने सरळ वाचता येतात, म्हणून विमान किनाऱ्याच्या कुठल्या अंगाने आणि कुठल्या दिशेला जाणार, यावरून पहिलं अक्षर विमानाच्या जवळ की सगळ्यात मागे, हे आधी ठरतं. चूक झाली, तर हजारो लोक वाळूवर पडल्या पडल्या उलटी जाहिरात बघतात.

तासा-तासांत फरक

विमानाच्या डॅशबोर्डवर एक छोटं मीटर असतं. हॉब्स मीटर. इंजिन चालू झालं की त्याचे आकडे सरकू लागतात. शेवटचा आकडा दर सहा मिनिटांनी, म्हणजे तासाच्या एक दशांशाने, पुढे जातो. वैमानिकाच्या लॉगबुकात उड्डाणं याच हिशोबात लिहिली जातात: ०.४, १.७, ३.९. समुद्रावर तासन् तास घिरट्या घालणाऱ्या मुलांना हे मीटर पाठ असतं. रिक्षात बसलेला प्रवासी आणि ते यात फरक इतकाच, की इथे मीटर पळावं अशी इच्छा मीटर बघणाऱ्याचीच असते.

पण १५०० चा आकडा भरला म्हणजे झालं असं नाही. त्याच्या पोटात आणखी अटी आहेत: ५०० तास लांबच्या पल्ल्याचे, १०० तास रात्रीचे, ७५ तास केवळ उपकरणांच्या आधारावरचे. लांबचा पल्ला म्हणजे निघाल्या जागेपासून सरळ रेषेत ५० सागरी मैलांहून दूर. बॅनरवाला दिवसभर उडतो, पण किनाऱ्यालगत येरझाऱ्या घालतो, आणि तेही लख्ख उन्हात. त्याचा एकूण आकडा भराभर वाढतो आणि लांबच्या पल्ल्याचा, रात्रीचा रकाना कोराच राहतो. म्हणून उन्हाळा संपला की हीच मुलं दुसऱ्या कामाच्या शोधात निघतात.

बॅनरचं काम दिसतं तितकं आरामाचंही नसतं. ओढलेल्या अक्षरांचा हवेला इतका विरोध असतो की इंजिन तासन् तास जोर लावून चालवावं लागतं. वेग मात्र अगदी कमी, म्हणजे इंजिनला थंड करणारी हवाही कमी. उन्हाळ्यातली दुपार, उघडी खिडकी, घामाने चिकटलेला शर्ट, आणि नजर सतत तेलाच्या तापमानाच्या काट्यावर. इंजिनाने कुरकुर केली तर पहिली गोष्ट म्हणजे दोर सोडून द्यायचा खटका ओढायचा. मग खाली वाळू आहे, पण वाळूवर माणसं आहेत. पाणी आहे, पण पाण्यात चाकं अडकून विमान उलटं होतं. हा हिशोब डोक्यात सारखा चालू ठेवावा लागतो. आकड्याने फास पकडून चढताना वेग गेला तर उंचीच नसते, आणि बॅनरच्या विमानांचे बरेच वाईट अपघात याच घडीला झालेले आहेत.

नळावरची गस्त

अमेरिकेच्या जमिनीखालून पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल वाहून नेणारे नळ दोन लाख मैलांहून जास्त आहेत. त्यांच्या वरच्या जमिनीची वर्षातून किमान २६ वेळा पाहणी करावी आणि दोन पाहण्यांमध्ये तीन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नसावं, असा नियम आहे. दोन लाख मैल पायी कोण फिरणार? म्हणून सेसना १७२ सारखं साधं विमान घेऊन एकटा वैमानिक निघतो. उंची पाचशे-हजार फूट. जंगलातून, शेतांतून, डोंगरांवरून नळाची मोकळी ठेवलेली पट्टी दिसत जाते, भांगासारखी. तिच्यामागे मैलोन् मैल जायचं.

काय बघायचं? हिरव्या गवतात अचानक वाळलेला पट्टा दिसला, तर खाली गळती असू शकते. ओढ्याच्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग. पुराने उघडा पडलेला नळ. पण गस्तवाले सगळ्यात जास्त शोधत असतात तो पिवळा जेसीबी. कुणीतरी शेततळं खणायला किंवा कुंपणाचे खांब रोवायला यंत्र आणलेलं असतं, आणि खालून नळ गेलाय हे त्याच्या गावीही नसतं. असं यंत्र दिसलं की वैमानिक घिरटी घालतो, जागा टिपतो आणि लगेच फोनवर कळवतो.

या घिरटीतच धोका असतो. डोळे खाली, विमान तिरकं, वेग हळूहळू उतरत जातो. अलास्कात या प्रकाराला नावच पडलंय: ‘मूस स्टॉल’. मूस म्हणजे तिकडचं सांबरासारखं थोराड जनावर. ते बघायला वैमानिक वळण आवळत जातो, आणखी आवळतो, आणि पंखांची उचल संपून विमान त्या जनावराच्याच अंगावर कोसळतं. म्हणून गस्तीच्या वैमानिकांना पहिल्या दिवशी सांगितलं जातं, की काही दिसलं तर आधी वेग बघा, मग जेसीबी.

या कामाचा फायदा दोन्हीकडून होतो. रोज शेकडो मैल होतात, म्हणजे लांबच्या पल्ल्याचा रकाना भरतो. शिवाय हवामान वाचायची सवय लागते. सकाळी टेक्सासमध्ये निरभ्र आणि दुपारी ओक्लाहोमाच्या हद्दीवर काळेकुट्ट ढग, अशा वेळी पुढे जायचं की वाटेतल्या एखाद्या एकाकी धावपट्टीवर उतरून रात्र काढायची, हे शेजारी विचारायला कुणी नसताना ठरवावं लागतं.

वर न्यायचं, रिकामं आणायचं

पॅराशूटच्या मैदानावरचं काम याच्या अगदी उलट. इथे लांब जायचं नाही, फक्त वर जायचं. सेसना १८२ च्या सगळ्या सीटा काढून टाकलेल्या असतात, एकटी वैमानिकाची सोडून. चार उडी मारणारे जमिनीवर मांडी घालून दाटीवाटीने बसतात. दहा हजार फुटांवर पोचायला वीस-पंचवीस मिनिटं. वर गेल्यावर वेग कमी करायचा, दार उघडायचं, मग एकेक जण बाहेरच्या पायरीवर उभा राहतो आणि पंखाच्या दांडीला धरून लटकतो. या क्षणी विमान हळू असतं, एका बाजूला वजन असतं, शेपटीकडे जाणारी हवा माणसांनी अडवलेली असते. स्टॉलला इतकं पोषक वातावरण दुसरं नाही. ते सगळे ‘हॅव अ नाइस फ्लाइट’ म्हणून नाहीसे झाले की वैमानिक नाक खाली करून भरभर उतरतो, कारण पुढचे चार जण धावपट्टीशेजारी तयार उभे असतात. तेही सांभाळून. वर चढताना तापलेलं इंजिन एकदम थंड हवेत बंद केल्यासारखं उतरवलं तर त्याच्या सिलिंडरना तडे जाऊ शकतात, म्हणून मालक थ्रॉटल हळूहळू मागे घ्यायला शिकवतात. दिवसाला असे दहा-पंधरा फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला मीटर चार-पाच दशांशांनी पुढे.

या वैमानिकांच्या पाठीवरही बहुतेक वेळा छोटं पॅराशूट असतं. त्याची कडक गादी दिवसभर पाठीला टोचते. २ नोव्हेंबर २०१३ रोजी विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर गावावर, सुमारे बारा हजार फुटांवर, उडी मारणाऱ्यांना घेऊन दोन सेसना जवळ जवळ उडत होत्या. मागची पुढचीवर आदळली. पुढच्या विमानाचा पंख तुटला, आग लागली. दोन्ही विमानांत मिळून नऊ उडी मारणारे होते, ते सगळे बाहेर पडले. पुढच्या विमानाचा वैमानिक जळत्या, गिरक्या घेणाऱ्या सांगाड्यातून बाहेर पडला आणि त्याच टोचणाऱ्या पॅराशूटने जमिनीवर आला. मागच्या वैमानिकाने मोडकं विमान धावपट्टीवर उतरवलं. अकराच्या अकरा जण वाचले. उडी मारणाऱ्यांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांत हे सगळं टिपलं गेलं होतं.

नांगरटीसारख्या रेघा

सर्वेक्षणाचं काम कंटाळवाणं, म्हणूनच तास भरायला उत्तम. विमानाच्या पोटाला भोक पाडून त्यात कॅमेरा बसवलेला असतो. वैमानिकाने शेत नांगरावं तशा समांतर रेघा ओढायच्या: सरळ जा, वळ, शेजारची रेघ धरून परत ये. रेघेपासून थोडं जरी सरकलं, पंख थोडा जरी कलला, तरी त्या पट्ट्याचे फोटो बाद आणि तीच रेघ पुन्हा. अमेरिकेचं कृषी खातं पिकांच्या हंगामात देशभरातल्या शेतजमिनींची अशी छायाचित्रं २००३ पासून घेत आलंय. कामाचं वेळापत्रक सूर्य ठरवतो. सूर्य पुरेसा वर हवा, नाहीतर सावल्या लांब पडतात. आणि ढग नकोत, नाहीतर त्यांच्याच सावल्या फोटोत येतात. त्यामुळे कधी सहा तास सलग उड्डाण, तर कधी मोटेलमध्ये पत्ते कुटत आठवडाभर निरभ्र आभाळाची वाट.

आभाळ भरून येण्याची वाट बघणारेही असतात. नॉर्थ डाकोटात दर उन्हाळ्यात गारपीट कमी व्हावी आणि पाऊस वाढावा म्हणून ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडलं जातं. तिथल्या विद्यापीठात विमानचालन शिकणारे विद्यार्थी या कामावर शिकाऊ को-पायलट म्हणून जातात. मराठवाड्याला हा प्रयोग अनोळखी नाही. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून उडालेली विमानं आणि त्यांवर गावागावांत झालेली चर्चा अनेकांना आठवत असेल. त्यातून किती पाऊस पडला हा वाद वेगळा. शिकाऊ वैमानिकाला मात्र गडगडणाऱ्या ढगाच्या पोटाखालून, वर चढणाऱ्या हवेच्या झोतात, विमान ताब्यात ठेवायला शिकता येतं. एरवी सगळं प्रशिक्षण त्याला ढगांपासून लांब राहायलाच सांगत असतं.

यादीतलं फवारणीचं काम बाहेरून नवशिक्यांचं वाटतं, पण ते तसं नाही. पिकाच्या शेंड्यांवरून दहा फुटांवर, विजेच्या तारांच्या खालून-वरून, शेकडो लिटर औषध घेऊन उडायचं असतं. तिथे नव्या माणसाची सुरुवात औषध कालवण्यापासून होते. या कामाचा इतिहास मात्र लख्ख आहे. ३ ऑगस्ट १९२१ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावाजवळ, कॅटाल्पाच्या झाडांवर पडलेल्या सुरवंटांवर लष्कराच्या एका विमानातून विषारी भुकटी टाकली गेली. विमानाने फवारणी करण्याचा तो पहिला प्रयोग मानला जातो. लगेच १९२४ मध्ये दक्षिणेत कापसावरच्या बोंडकिड्याशी लढायला हफ-डालँड डस्टर्स नावाची कंपनी निघाली. १९२९ मध्ये तिने प्रवासी न्यायला सुरुवात केली. तीच आजची डेल्टा एअरलाइन्स. कापसावर फवारणी करण्याचा विभाग डेल्टाने १९६६ पर्यंत चालवला. जगातल्या एका बड्या विमान कंपनीची सुरुवातही याच हलक्या समजल्या जाणाऱ्या कामातून झाली आहे.

बारामती ते बीच

आपल्याकडे हा मधला टप्पाच नाही. भारतात २०० तासांवर व्यावसायिक परवाना मिळतो, त्यानंतर एका ठरावीक विमानाचं प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग, घेतलं की मुलगा किंवा मुलगी थेट १८० आसनी एअरबसच्या उजव्या खुर्चीत बसू शकते. बारामती, गोंदियाजवळचं बिर्शी, धुळे इथे शिकणारे विद्यार्थी याच वाटेने जातात. अमेरिकेत जाऊन शिकणारी मराठी मुलंही बहुतेक वेळा २०० तासांचा आकडा पुरा झाला की परत येतात आणि परवाना इथल्या नियमांत बदलून घेतात. शिक्षणाच्या व्हिसावर तिथे बॅनर ओढायची नोकरी सहसा धरता येत नाही. युरोपातही दोनशे तासांच्या आसपासचा को-पायलट नवीन नाही.

मग कोण बरोबर? अमेरिकेतल्या प्रादेशिक कंपन्या म्हणतात की किनाऱ्यावर एकट्याने घिरट्या घालून जेट विमानातलं दोघांचं काम, स्वयंचलित यंत्रणा, गर्दीच्या विमानतळावरचा संवाद यातलं काहीच शिकता येत नाही. उलट सिम्युलेटरवर काटेकोर तयारी केलेला कमी तासांचा वैमानिक जास्त उपयोगी. २०२२ मध्ये रिपब्लिक एअरवेजने आपल्या अकादमीतल्या विद्यार्थ्यांना ७५० तासांवर घेण्याची परवानगी मागितली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हवाई प्रशासनाने ती नाकारली. फ्लाइट ३४०७ मधल्या मृतांचे नातेवाईक अशा प्रत्येक वेळी उभे राहतात आणि आकड्याला हात लावू देत नाहीत. त्यांचं म्हणणं साधं आहे: नियम आल्यापासून देशातली प्रवासी विमानसेवा कितीतरी सुरक्षित झाली, मग छेडायची कशाला? विरोधक विचारतात, ती तासांमुळे झाली की विश्रांती आणि प्रशिक्षणाच्या नियमांमुळे?

तास हीच पुंजी ठरली की खोटं नाणंही आलंच. न उडवलेले तास लॉगबुकात चढवण्याला वैमानिकांच्या बोलीत ‘पी-५१ टाइम’ म्हणतात. पी-५१ हे दुसऱ्या महायुद्धातलं गाजलेलं लढाऊ विमान, आणि पार्कर ५१ हे पेन. आपल्याकडेही २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवणारे वैमानिक पकडले गेले, तेव्हा न झालेल्या उड्डाणांच्या नोंदींचीही चौकशी झाली होती. बॅनरवाल्याच्या मीटरमध्ये मात्र खोटेपणाला फारशी जागा नसते. किनाऱ्यावरच्या हजारो लोकांनी त्याला तिथे पाहिलेलं असतं.

या सगळ्यात गंमत अशी, की लॉगबुकाच्या एका ओळीत ३.९ लिहिलं की ते ३.९ कुठून आले हे मुलाखतीपर्यंत कुणी विचारत नाही. तिथे मात्र हमखास विचारतात. कंपनीतला ज्येष्ठ कॅप्टन पानं उलटतो आणि एखाद्या नोंदीवर बोट ठेवून म्हणतो, “या दिवशी काय झालं होतं, सांग.” नळावरच्या गस्तीत ढग बघून मागे फिरलेला, किंवा दोर सोडून वाळूच्या मोकळ्या पट्ट्यावर उतरलेला उमेदवार इथे बराच वेळ बोलू शकतो. नोकऱ्यांची हवा मात्र त्याच्या हातात नसते. कोविडनंतर कंपन्यांनी वैमानिक अक्षरशः ओढून नेले. २०२४ मध्ये भरती थंडावली, आणि १५०० पूर्ण झालेली मुलंही पुन्हा किनाऱ्यावर, पुन्हा शाळेत, बोलावण्याची वाट बघत राहिली.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी असते. उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर तो उन्हाळ्याचा शेवटचा मोठा दिवस. न्यू जर्सीत त्या संध्याकाळी विमान खांबांच्या मैदानावर खाली येतं, वैमानिक खटका ओढतो आणि शेवटची जाहिरात गवतावर लोळत पडते. मग तो उतरून स्वतःच अक्षरं सोडवायला बसतो. प्रत्येक अक्षर झटकून, वाळू काढून, गुंडाळून आपापल्या खणात: ए-चा खण, ई-चा खण, एस-चा खण. दांड्या वेगळ्या, दोर वेगळे. हात धुऊन तो विमानात वाकतो, हॉब्स मीटरचा आकडा बघतो आणि लॉगबुकात शेवटची ओळ लिहितो. एकूण ९१२.६. लांबच्या पल्ल्याचे अजून जेमतेम दीडशे. फोनवर टेक्सासमधल्या एका गस्तीच्या कंपनीचा निरोप आलेला असतो: सोमवारपासून येऊ शकशील का?